निर्णय-वही: बारा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

प्रकल्पाचं काम एवढंच: स्वतःचे पूर्वग्रह मनात डोकावून शोधायचे नाहीत, निकाल लागायच्या आधी लिहून ठेवलेल्या कागदावर शोधायचे. ‘माझ्या मनात काही आकस आहे का?’ असं स्वतःला विचारलं की मन ‘नाही’ म्हणतं, आणि ते खोटं बोलत नसतं. कल कसा झुकला ते आतून दिसत नाही. आत सापडतात ती फक्त कारणं, आणि स्वतःची कारणं स्वतःला पटतातच.

2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी हे मोजून दाखवलं. माणसं इतरांचे पूर्वग्रह चटकन ओळखतात, स्वतःला मात्र सरासरी माणसाहून कमी पूर्वग्रही समजतात. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे आपल्याकडे म्हणीतच आहे. 2012 मध्ये रिचर्ड वेस्ट, रसेल मेसर्व्ह आणि कीथ स्टॅनोविच यांनी तपासलं, तर जास्त हुशार माणसांतही हा आंधळा ठिपका लहान आढळला नाही. तेव्हा शिक्षण किंवा अनुभव आहे म्हणून कुणालाही नोंदीतून सूट नाही.

साहित्य: माणशी एक 100 पानी वही, कागदाला लावायच्या क्लिपा, हिशेबासाठी एक समाईक तक्ता. सहा जण, तीन जोड्या. आठवड्याला माणशी 4 नोंदी, म्हणजे बारा आठवड्यांत 48.

8 जानेवारी

पानाची आखणी ठरली. डावं पान निर्णयाआधी भरायचं, उजवं निकालानंतर. भरलेलं डावं पान असं दिसेल:

तारीख, वेळ, अवस्था: 8 जानेवारी, संध्याकाळी 6.40. झोप पुरेशी. घाईत.
अंदाज: अहवालाचा पूर्ण कच्चा खर्डा 22 जानेवारीला संध्याकाळी 6 च्या आत तिघांकडे पोचलेला असेल.
खात्री: 75 टक्के.
आधी कानावर आलेलं: ‘दोन आठवडे भरपूर झाले’ (काम सोपवणाऱ्याचं वाक्य).
बाजूने: माहिती गोळा झाली आहे, मागचा आराखडा वापरता येईल.
विरुद्ध: दोन भाग दुसऱ्यांवर अवलंबून आहेत, मागचे दोन खर्डे उशिरा गेले.
मत कधी बदलेन: 15 जानेवारीपर्यंत पहिले दोन भाग झाले नाहीत तर खात्री 40 वर आणेन.

‘आधी कानावर आलेलं’ हा रकाना बहुतेक नमुन्यांत नसतो. इथे तो मुद्दाम ठेवला आहे, कारण नंतर कुणालाच आठवत नाही की 14 दिवसांचा आकडा आपल्या डोक्यात आला कुठून. शेवटचा रकाना सगळ्यात जड जातो आणि तोच सगळ्यात आधी रिकामा राहतो. ‘मत बदलणार नाही’ असं कुणी लिहिलं तर ती नोंद अंदाज म्हणून धरायची नाही, श्रद्धा म्हणून वेगळी ठेवायची.

9 जानेवारी

शब्दांची साफसफाई. ‘काम नीट होईल’, ‘परिस्थिती सुधारेल’ अशा अंदाजांचा निकाल कधीच लागत नाही, कारण निकाल लावायची वेळ आली की ‘नीट’चा अर्थ आपण सोयीने ठरवतो. अंदाजात तीन गोष्टी हव्यातच: काय घडेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि घडलं की नाही हे कशावरून ठरवायचं. जोडीदाराने वाक्य वाचून ‘यावर आपलं भांडण होऊ शकतं का?’ एवढंच विचारायचं. होऊ शकत असेल तर वाक्य पुन्हा लिहायचं.

त्यानंतर चिठ्ठ्यांचा सराव, वेळ 15 मिनिटं. आठ चिठ्ठ्यांवर आठ शब्दप्रयोग: नक्की, बहुतेक, बहुधा, शक्यता आहे, शक्यता नाकारता येत नाही, सांगता येत नाही, अवघड आहे, बघू. प्रत्येकाने न बोलता प्रत्येक चिठ्ठीसमोर टक्के लिहायचे आणि मग सगळे आकडे एकाच कागदावर उतरवायचे. हमखास घोळ होतो तो ‘बघू’ आणि ‘सांगता येत नाही’ या दोन ठिकाणी. एकाच्या लेखी ‘सांगता येत नाही’ म्हणजे निम्मंनिम्म, दुसऱ्याच्या लेखी तो सभ्य नकार. ‘बघू’ हा तर शब्दापेक्षा स्वराने कळणारा शब्द, आणि कागदावर स्वर उतरत नाही.

याचं जुनं उदाहरण अमेरिकी गुप्तवार्ता विश्लेषक शेरमन केंट यांनी 1964 मध्ये लिहून ठेवलं आहे. 1951 च्या अमेरिकी गुप्तवार्ता अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ असं म्हटलं होतं. केंट यांच्या स्वतःच्या मनात 65 विरुद्ध 35 असं प्रमाण होतं. ज्या सहकाऱ्यांनी हा शब्दप्रयोग मान्य केला होता त्यांना विचारलं, तर उत्तरं 20 पासून 80 पर्यंत पसरली. सगळे एका वाक्यावर सहमत होते, पण वाक्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. म्हणून वहीत शब्द चालणार नाहीत, टक्केच लिहायचे.

13 जानेवारी

पहिल्या आठवड्यातल्या चुका तीन. सगळीकडे 50 टक्के लिहून मोकळं होणं. उद्या सूर्य उगवेल या थाटाचे, हरायची भीतीच नसलेले अंदाज. आणि निकालाची कुणकुण लागल्यावर भरलेलं डावं पान. तिसरी चूक सगळ्यात घातक, कारण तिच्यामुळे वही खोटी होते आणि बाहेरून ते कळत नाही. उपाय: डावं पान भरलं की जोडीदाराची सही आणि वेळ. उशिराची नोंद फाडायची नाही, पण समासात ‘उ’ लिहून हिशेबातून वगळायची.

20 जानेवारी

पुष्टीच्या ओढीचा सराव. आपल्या मताला ‘हो’ म्हणणारा पुरावा आपण शोधतो, ‘नाही’ म्हणू शकेल अशा ठिकाणी जात नाही. सरावासाठी पीटर वेसन यांचा 1960 चा प्रयोग जसाच्या तसा घेतला.

सूत्रधाराने नियम लिहून पाकिटात बंद करायचा: ‘चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे’. मग सांगायचं की 2, 4, 6 या नियमात बसतात. बाकीच्यांनी नवी त्रिकुटं सुचवायची, सूत्रधाराने फक्त ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ म्हणायचं. नियम नक्की कळला असं वाटलं की जाहीर करायचा.

कागदावर साधारण काय उमटतं ते पाहण्यासारखं आहे. 8, 10, 12: बसतं. 20, 22, 24: बसतं. 100, 102, 104: बसतं. आणि आत्मविश्वासाने घोषणा: ‘दोन-दोनने वाढणारे सम आकडे’. चूक. तीनदा ‘बसतं’ मिळालं, पण तिन्ही त्रिकुटं अशी निवडली होती की स्वतःचा नियम चुकीचा असता तरी ते उघडकीला आलं नसतं. 1, 2, 3 किंवा 5, 17, 90 यातलं एक विचारलं असतं तर त्या नियमाचं पितळ तिथेच उघडं पडलं असतं.

आम्ही दोन गोष्टी वाढवल्या. प्रत्येक त्रिकुटाशेजारी आधी लिहायचं: ‘मला कोणतं उत्तर अपेक्षित आहे?’ आणि घोषणेआधी निदान तीन त्रिकुटं अशी द्यायची जिथे स्वतःच्या नियमाप्रमाणे ‘बसत नाही’ यायला हवं. अपेक्षेच्या रकान्यात खाली खाली ‘बसतं, बसतं, बसतं’ एवढंच दिसायला लागलं की माणूस स्वतःच थबकतो. समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक बारकावा सुटू नये. जोशुआ क्लेमन आणि यंग-वॉन हा यांनी 1987 मध्ये दाखवलं की ‘हो’ मिळेल अशी चाचणी घेणं हे सरसकट चूक नाही. खरा नियम आपल्या नियमाहून अरुंद असेल तर त्याच चाचणीतून चूक सापडते. खरा नियम आपल्याहून रुंद असतो तेव्हा मात्र ती कुचकामी ठरते. म्हणून वहीत ‘उलट पुरावा शोध’ इतकंच लिहून भागत नाही. प्रश्न असा हवा: मी मानतो त्यापेक्षा गोष्ट जास्त व्यापक असेल तर मला ते कुठे दिसेल?

सूत्रधाराने जपायचं: चेहरा कोरा, मान डोलवायची नाही. ‘बसत नाही’ म्हणताना आवाज उतरला की समोरचा ते नापासाचं उत्तर समजतो आणि पुन्हा सुरक्षित त्रिकुटांकडे वळतो.

27 जानेवारी

पहिल्या आकड्याची ओढ, म्हणजे अँकरिंग. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1974 मध्ये मांडलेली दोन उदाहरणं सगळ्यांना करून दाखवली. पहिल्यात 10 किंवा 65 वरच थांबणारं चक्र फिरवून लोकांना विचारलं होतं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के. 10 पाहिलेल्यांचा मध्यक (क्रमाने लावलेल्या उत्तरांतलं बरोबर मधलं) 25, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. दुसऱ्यात पाच सेकंदांत गुणाकाराचा अंदाज: 1 पासून 8 पर्यंत चढत्या क्रमाने मांडला तर मध्यक 512, उतरत्या क्रमाने मांडला तर 2,250. खरं उत्तर 40,320.

ओढीची आधी सूचना देऊन ती जात नाही, हे नंतरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. म्हणून उपाय डोक्यात नको, कामाच्या पद्धतीत हवा. कोणत्याही सामायिक अंदाजाआधी (किती दिवस, किती खर्च, किती लोक) प्रत्येकाने कागदावर आकडा लिहून कागद पालथा ठेवायचा. सगळे पालथे झाल्यावरच बोलायचं.

बिघडतं कुठे? समाईक तक्त्यात थेट आकडे टाकले की पहिला आकडा सगळ्यांना दिसतो आणि पुढचे त्याच्याभोवती गोळा होतात. वरून ते एकमत वाटतं. प्रत्यक्षात एकच मत सहा वेळा मोजलेलं असतं.

एकट्या आकड्याऐवजी पट्टा लिहायचा: ‘80 टक्के खात्रीने 9 ते 16 दिवस’. दहा पट्ट्यांपैकी साधारण आठांत खरं उत्तर सापडायला हवं. पट्टे सुरुवातीला फार अरुंद पडतात. मार्क अल्पर्ट आणि हॉवर्ड रायफा यांच्या अभ्यासात 98 टक्के खात्रीच्या पट्ट्यांबाहेर 2 टक्के उत्तरं पडायला हवी होती, पडली 40 टक्क्यांहून जास्त. पट्टा लिहिल्यावर दोन्ही टोकांना वेगवेगळं विचारायचं: ‘उत्तर याच्याही पलीकडे गेलं, तर कशामुळे गेलं असेल?’

3 फेब्रुवारी

‘अवस्था’ रकान्यात नुसतं ‘ठीक’ लिहिणं बंद. झोप किती तास, शेवटचं जेवण कधी, घाई आहे का, कुणावर राग आहे का. राग असेल तर कुणावर, तेही. दुसरं काही नको.

10 फेब्रुवारी

‘निष्पक्ष राहा’ ही सूचना पानावरून काढून टाकली. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांच्या 1979 च्या प्रयोगात फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले होते, एक बाजूचा, एक विरुद्ध. वाचून झाल्यावर दोन्ही गट आपापल्या जागी जास्तच घट्ट झाले. 1984 मध्ये लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी तोच प्रयोग उपायांसह केला. ‘शक्य तितके निष्पक्ष राहा’ असं सांगून काहीच फरक पडला नाही. ‘याच पद्धतीच्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा निघाला असता, तर तुम्ही ही पद्धत इतकीच चांगली किंवा वाईट ठरवली असती का?’ हे प्रत्येक पायरीला विचारायला लावलं, तेव्हा फरक पडला.

म्हणून डाव्या पानावर छापायचा प्रश्न हा: ‘हाच पुरावा उलट बाजूने आला असता तर मी त्यात कोणती खोट काढली असती?’ उत्तर म्हणून एक तरी खोट लिहायची, आणि ती आता आपल्या बाजूच्या पुराव्याला लावून पाहायची.

विरुद्ध बाजूची कारणं किती लिहावीत? आधी दहाचा विचार होता, तो सोडला. लॉरेन्स सॅना, नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि शेव्हॉन स्टॉकर यांनी 2002 मध्ये दाखवलं की दहा विरोधी मुद्दे आठवायला लावले की उपाय उलटतो. मुद्दे सुचणं जड गेलं की मन त्याचा अर्थ ‘म्हणजे विरुद्ध बाजू पोकळच आहे’ असा लावतं. दोन पुरे, पण ते खरोखर बोचणारे हवेत. जोडीदाराने वाचून त्यातला लुटुपुटीचा मुद्दा खोडायचा.

खिशात एक छोटी चिठ्ठी ठेवायची, आपल्या मताविरुद्धची गोष्ट दिसली की तिथल्या तिथे टिपायला. चार्ल्स डार्विन हेच करत. मताला अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता.

17 फेब्रुवारी

उजवं पान. या प्रकल्पाचा कणा हेच पान आहे, डावं नव्हे.

निकाल लागला की पहिली गोष्ट: डावं पान उघडायचं नाही. क्लिप त्यासाठीच आहे. उजव्या पानावर निकाल लिहायचा आणि लगेच खाली ‘माझी खात्री किती होती?’ याचं आठवणीतलं उत्तर टक्क्यांत लिहायचं. मग क्लिप काढायची, खरा आकडा शेजारी उतरवायचा आणि फरक चिन्हासकट मांडायचा. घडलेल्या गोष्टीबाबत आठवणीतली खात्री खऱ्याहून जास्त, न घडलेल्याबाबत कमी, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर ‘मला आधीच ठाऊक होतं’ ही भावना निकालानंतर तयार झालेली आहे.

हे तंत्र बरूख फिशॉफ आणि रूथ बेथ यांनी 1975 मध्ये वापरलं होतं. रिचर्ड निक्सन यांच्या 1972 च्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी लोकांकडून संभाव्य घटनांचे टक्के घेतले, दौरे झाल्यावर आपलेच आकडे आठवायला सांगितले. घडल्यासारख्या वाटणाऱ्या घटनांना आपण मुळातच जास्त टक्के दिले होते, असं लोकांना आठवलं.

हा फरक कळला नाही तर बाकी सगळी नोंद वाया जाते, कारण चुकलो हेच मनाला मान्य नसतं. चूक लपवली जात नाही, ती आठवणीतच दुरुस्त होऊन येते.

उजव्या पानाचा दुसरा रकाना: ‘निर्णय चांगला होता का?’ याचं उत्तर निकाल पाहून द्यायचं नाही. डाव्या पानावरच्या माहितीवरच द्यायचं. चांगल्या विचाराने घेतलेला निर्णयही फसू शकतो आणि आंधळेपणाने घेतलेलाही यशस्वी होऊ शकतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, तरी श्रेय कावळ्याला द्यायचं नाही.

24 फेब्रुवारी

मूळ प्रमाण. प्रत्येक अंदाजाआधी विचारायचं: अशा प्रकारची मागची दहा कामं घेतली तर किती ठरल्या दिवशी झाली? रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांच्या 1994 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी सुमारे 34 दिवसांत होईल असं सांगितलं होतं, लागले 55 हून अधिक. सगळं बिनसलं तर किती लागतील, या प्रश्नाला दिलेलं सरासरी उत्तरही त्याहून कमी होतं. 8 जानेवारीच्या नमुना पानात ‘मागचे दोन खर्डे उशिरा गेले’ हे कारण विरुद्धच्या रकान्यात आहे, पण खात्री 75. म्हणजे ते लिहिलं गेलं, मोजलं गेलं नाही. आता क्रम बदलला: आधी मूळ प्रमाण टक्क्यांत, मग या कामात वेगळं काय म्हणून तो आकडा वर-खाली.

टक्क्यांचा गोंधळ झाला तर नग मोजायचे. 1,000 वस्तूंत 10 सदोष. चाचणी त्यातल्या 9 पकडते, पण उरलेल्या 990 चांगल्या वस्तूंतल्या 89 वरही चुकून बोट ठेवते. एकूण 98 वर बोट, त्यात खरोखर सदोष 9, म्हणजे 9 टक्क्यांच्या आसपास. हेच टक्क्यांत मांडलं की बरेच जण याहून कितीतरी मोठं उत्तर देतात. गर्ड गिगरेंझर आणि उलरिख हॉफराग यांनी 1995 मध्ये दाखवलं की अशी मोजणीची मांडणी केली की बरोबर उत्तरं खूप वाढतात.

3 मार्च

माणसांविषयीचे पूर्वग्रह. इथे सरावापेक्षा झाकणं जास्त उपयोगी पडतं. अर्ज किंवा उत्तरपत्रिका तपासताना नाव, वय, छायाचित्र, पत्ता दुसऱ्याने आधी झाकायचा. निकष गुणांसह तपासणीआधी लिहायचे, नाहीतर आवडलेल्या माणसाकडे जे आहे तेच नंतर निकष बनतं. आणि एकेक माणूस पूर्ण तपासायचा नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. एका गुणाची छाप दुसऱ्यावर पडते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात दाखवलं होतं.

छुप्या कलांची संगणकावरची प्रसिद्ध चाचणी (1998 पासून वापरात) वहीत घेतली नाही. एकाच माणसाचे गुण दोन वेळेला बरेच वेगळे येतात. गटाच्या अभ्यासाला ती चालते, एका माणसावर शिक्का मारायला नाही.

10 मार्च

आधीच केलेली चिकित्सा, गॅरी क्लाइन यांची पद्धत. योजना ठरल्यावर, सुरू व्हायच्या आधी, 20 मिनिटं. सूत्रधार वाचतो: ‘सहा महिने झाले. योजना पूर्ण फसली. का फसली ते लिहा.’ ‘फसू शकते का’ असं विचारायचं नाही. फसली असं धरूनच लिहायचं, नाहीतर सगळे योजनेची बाजू लढवत बसतात. पाच मिनिटं न बोलता लेखन, मग सगळ्यात नवख्या माणसापासून एकेक कारण वाचन. प्रमुखाने आधी वाचलं तर बाकीचे कागद हळूच दुमडले जातात.

24 मार्च

हिशेब. ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी दिलेला गुणांक, सोप्या रूपात: खात्री दशांशात, घडलं तर 1, नाही तर 0, दोन्हींतल्या फरकाचा वर्ग, शेवटी सगळ्यांची सरासरी. कमी म्हणजे चांगलं. 80 टक्के म्हटलं आणि घडलं तर 0.04, नाही घडलं तर 0.64. सगळीकडे 50 लिहिणाऱ्याला नेमके 0.25.

एक उदाहरण सगळ्यांनी हाताने सोडवावं. दहा अंदाज 90 टक्के खात्रीने केले, सात खरे ठरले. 7 गुणिले 0.01 अधिक 3 गुणिले 0.81, म्हणजे 2.5, भागिले 10, उत्तर 0.25. म्हणजे दहापैकी सात बरोबर असूनही गुण नाणं उडवणाऱ्याएवढे. त्याच दहाही अंदाजांना 70 टक्के लिहिलं असतं तर 0.21. तोटा ज्ञान कमी पडल्याने झालेला नाही, फाजील खात्रीमुळे झाला आहे.

सावधगिरी: 70 टक्क्यांच्या कप्प्यात दहाच नोंदी असतील तर निष्कर्ष काढू नये. खात्री अगदी अचूक असली तरी दहापैकी पाच किंवा त्याहून कमी खरे ठरण्याची शक्यता सुमारे 15 टक्के असते. म्हणून 48 नोंदींचे पाचच कप्पे केले: 50–59, 60–69, 70–79, 80–89, 90–100. 50 च्या खालचे अंदाज उलटवून लिहायचे (‘30 टक्के होईल’ म्हणजे ‘70 टक्के होणार नाही’).

30 मार्च

पुढच्या फेरीसाठी पानात बदल दोन: मूळ प्रमाणाचा रकाना खात्रीच्या वर, आणि विरुद्ध कारणांशेजारी जोडीदाराने लुटुपुटीचा मुद्दा खोडण्यासाठी जागा. ज्यांचा निकाल आजच्या पुढे लागणार आहे त्या नोंदी क्लिपसह तशाच.

या प्रकल्पाचीही एक नोंद डाव्या पानावर केली. अंदाज: पुढच्या 48 नोंदींचा ब्रायर गुणांक सहापैकी निदान चौघांच्या बाबतीत या फेरीपेक्षा कमी असेल. खात्री: 60 टक्के. विरुद्ध: लोक सोपे अंदाज निवडायला शिकलेले असू शकतात, 48 नोंदींतला फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पहिल्या कारणावर तोड म्हणून पुढच्या फेरीतले निम्मे अंदाज जोडीदाराने निवडायचे. मत कधी बदलेन: जोडीदाराने निवडलेल्या अंदाजांत सुधारणा दिसली नाही तर पद्धतीचा उपयोग झाला असं म्हणणार नाही. निकालाची तारीख 30 जून. सही झाली, क्लिप लावली.